ढगाला जात नसते, मग माठाला कुठून आली?



जूनच्या मध्यात शाळा सुरू होतात आणि त्याच सुमारास पाऊसही येतो. बालवाडीपासून चौथीपर्यंत सगळीकडे पावसाचा धडा सुरू होतो. पावसाला पैशाचे आमिष दाखवणारे ते बालगीत म्हटले जाते, कागदाच्या होड्या होतात, आणि तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासात फळ्यावर ओळखीचे चित्र निघते. एका बाजूला समुद्र, वर हसरा सूर्य, वर जाणारे बाण, कापसासारखा ढग, डोंगर, डोंगरावर पाऊस, खाली नदी आणि नदीच्या टोकाला पुन्हा समुद्र. मुले चित्र रंगवतात, ‘बाष्पीभवन’ आणि ‘सांद्रीभवन’ हे दोन अवघड शब्द पाठ करतात, पैकीच्या पैकी गुण मिळवतात. धडा संपला.

या चित्रात चूक काही नाही. पण ते अर्धे आहे. त्यात धरण नाही, पाइप नाही, नळ नाही, टँकर नाही, हंडा नाही आणि हंडा डोक्यावर घेऊन चढण चढणारी बाईही नाही. समुद्रापासून ढगापर्यंत आणि ढगापासून नदीपर्यंतचा प्रवास मुलाला सांगितला जातो. नदीपासून त्याच्या स्वतःच्या घोटापर्यंतचा प्रवास मात्र गाळला जातो. आपल्या देशात पाण्याचा सगळा इतिहास नेमका याच गाळलेल्या भागात घडला आहे.

म्हणून या लेखात एकच मुद्दा मांडायचा आहे. पाऊस पडतो त्यामागे कारण असते. पाणी एका वस्तीला मिळते आणि दुसरीला मिळत नाही, त्यामागेही कारण असते. पहिले कारण निसर्गाचे, दुसरे माणसाचे. लहान मुलाला ही दोन्ही कारणे एकाच धड्यात शिकवली पाहिजेत. पहिले शिकवून दुसरे झाकले, तर शेवटी आपण त्याला एवढेच शिकवतो की तहान हे नशीब आहे.

माणूस नसलेले चित्र

कुणी म्हणेल, आंबेडकरवाद्यांना प्रत्येक ठिकाणी अन्याय दिसतो, आता फळ्यावरचे साधे चित्रही सुटले नाही. त्यांच्यासाठी एक माहिती. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे बेंजामिन ॲबट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’ या शास्त्रीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या देशांतील पाठ्यपुस्तके आणि शास्त्रीय लेखनातील जलचक्राची ४६४ चित्रे त्यांनी तपासली. माणसाचा पाण्याशी येणारा संबंध त्यांपैकी जेमतेम १५ टक्के चित्रांत दिसला. म्हणजे शंभरातील पंच्याऐंशी चित्रांत माणूसच नव्हता. आज पृथ्वीवरचे पाणी माणूस इतक्या मोठ्या प्रमाणावर अडवतो, वळवतो, उपसतो आणि घाण करतो की त्याला वगळून काढलेले चित्र शास्त्रीयदृष्ट्याही अपुरे ठरते, असे या अभ्यासकांचे म्हणणे. त्यानंतर अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने २०२२ मध्ये आपले वीसेक वर्षे जुने, जगभरातील शाळांत वापरले जाणारे चित्र बदलले. नव्या चित्रात धरणे आली, शेती आली, शहरे आली, कारखाने आले.

जगाने चित्रात माणूस आणला, हे चांगलेच झाले. आपला प्रश्न मात्र त्याच्या एक पाऊल पुढे आहे. चित्रात माणूस काढायचा तर कोणता? भारतात ‘माणूस पाणी पितो’ एवढे वाक्य पुरत नाही. कोण कुठल्या पाणवठ्यावर पितो, आधी कोण भरतो, वरून ओंजळीत कुणाला वाढले जाते, हे सगळे त्या वाक्यात लपून राहते.

बाबासाहेबांच्या लहानपणीची ती घटना आपल्याला ठाऊक आहे. साधारण १९०१ सालची. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघालेला नऊ-दहा वर्षांचा भीम आणि सोबतची मुले मसूर स्टेशनवर उतरतात, बैलगाडीने प्रवास करतात, जवळ खायला भरपूर असते, पण पाणी कुणी देत नाही आणि म्हणून खाणेही होत नाही. या घटनेतील एका तपशिलाकडे आपले लक्ष क्वचित जाते. वडील सुभेदार रामजी तेव्हा गोरेगावला काय करत होते? दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला घेतला होता आणि त्या कामावर ते रोखपाल होते. ज्या बापाच्या हातून तलाव खोदणाऱ्यांची मजुरी वाटली जात होती, त्याचीच लेकरे वाटेत घोटभर पाण्यावाचून राहिली. पाऊस कमी पडला हे दुष्काळाचे कारण होते. भीमाच्या तहानेचे कारण पाऊस नव्हता. जलचक्राच्या कुठल्या बाणात हे बसवणार?

ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट झाली, असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाच्या तोंडावर, राजस्थानच्या जालोर जिल्ह्यात नऊ वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. शाळेतील माठाला हात लावला म्हणून शिक्षकाने मारल्याचा आरोप कुटुंबाने केला. शिक्षकाला अटक झाली. ते मूल ज्या वयाचे होते, त्याच वयात आपण मुलांना जलचक्र शिकवतो.

पनवेल हाच फळा

आता आपल्या पनवेलकडे या. जलचक्र शिकवायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. कुठल्याही इमारतीच्या गच्चीवर मुलांना न्या. एका बाजूला खाडी, तिच्यापलीकडे अरबी समुद्र. दुसऱ्या बाजूला प्रबळगड आणि माथेरानची रांग, दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका. समुद्रावरून आलेला बाष्पाने भरलेला वारा या डोंगरांना अडतो, वर चढतो, गार होतो आणि इथेच रिकामा होतो. माथेरानच्या डोंगरात उगम पावलेली गाढी नदी आपल्या शहराला लागून वाहते आणि खाडीला मिळते. पाठ्यपुस्तकातील संपूर्ण चित्र पनवेलच्या मुलाला डोळ्यांनी दिसते. तरी आपण त्याला भिंतीवरचा तक्ता दाखवतो!

आणि याच पनवेलमध्ये चित्राचा गाळलेला भागही दिसतो. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्याच्या कित्येक तालुक्यांच्या चौपट. तरीही एप्रिल-मे आला की पनवेलच्या वसाहतींत टँकर फिरतात आणि माथेरानच्या पायथ्याच्या आदिवासी वाड्यांत बायाबापड्या डवऱ्यातून वाटीवाटीने पाणी गोळा करतात. ज्या डोंगरावर सगळ्यात जास्त पाऊस कोसळतो, त्याच डोंगराच्या कुशीतल्या ठाकूर-कातकरी पोरांना उन्हाळ्यात पाण्यासाठी शाळा बुडवावी लागते. याला निसर्गाची अवकृपा म्हणायचे का? निसर्गाने तर हात सैल सोडून दिले आहे.

मुलांना एक साधा प्रश्न विचारा. तुझ्या नळाला येणारे पाणी कुठून येते? जुन्या पनवेलच्या काही भागाला ते गाढीवरच्या देहरंग धरणातून येते. काही भागाला पाताळगंगा नदीतून, भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रामार्गे. खारघर-कामोठ्यासारख्या वसाहतींना पेण तालुक्यातील हेटवणे धरणाचे आणि नवी मुंबई महापालिकेच्या मोरबे धरणाचे पाणी मिळत आले आहे. म्हणजे एकाच शाळेत शेजारी बसणाऱ्या दोन मुलांच्या बाटलीतले पाणी दोन वेगळ्या नद्यांचे असू शकते. हे कळल्यावर चौथीतल्या मुलाचे डोळे कसे विस्फारतील, याची कल्पना करा.

पाताळगंगेची गोष्ट तर आणखी रंजक आहे. लोणावळ्याच्या परिसरात पडणारा पाऊस खरे तर इंद्रायणी, भीमा, कृष्णा असा पूर्वेकडे वाहत बंगालच्या उपसागराला जायचा. पण टाटांनी तिथे वळवण, शिरवटा असे तलाव बांधले, पाणी घाटावरून पाइपांनी खाली सोडले आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू केले. वीज तयार करून सुटलेले ते पाणी पाताळगंगेत येते आणि म्हणूनच ती नदी उन्हाळ्यातही वाहती राहते. पूर्वेकडच्या समुद्राला जाणारे पाणी माणसाने पश्चिमेला वळवले आणि त्यातले काही पनवेलच्या नळाला आले. आता सांगा, माणसाला वगळून जलचक्र शिकवता येईल का?

याच ठिकाणी दुसरा प्रश्न येतो. पाणी वळवता येते, डोंगर ओलांडून आणता येते, वीस-तीस किलोमीटर पाइपातून नेता येते, तर ते धरणाशेजारच्या वाडीत का पोचत नाही? पेणच्या हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईच्या वसाहतींना गेले आणि त्याच पेण तालुक्यातील वाशी-शिर्कीच्या खारेपाटातली गावे वर्षानुवर्षे टँकरची वाट पाहत राहिली. पाणी उताराकडे वाहते, हा निसर्गाचा नियम. पाणी पैशाकडे आणि सत्तेकडे वाहते, हा माणसाचा नियम. बालगीतातल्या पावसाला मुले पैसा देऊ करतात. पण पाऊस कधी कुणाकडून पैसा घेत नाही, टँकरवाला घेतो!

पाण्याचा परतीचा प्रवासही मुलांना दाखवा. तळोजा औद्योगिक वसाहतीतून वाहणाऱ्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. विमानतळासाठी उलवे टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. चित्रातला ‘नदी समुद्राला मिळते’ हा बाण इतका सरळ नाही, हे आपल्या मुलाला कळू द्या.

आणि इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या शेजारच्या खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतल्या ठाकरांच्या वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली. त्याच गडावरून मोरबे धरणाचा विस्तीर्ण जलाशय दिसतो. शहराला पाणी पुरवणाऱ्या डोंगरातल्या माणसांना पक्का रस्ताही नव्हता, बचाव पथकाला चिखलातून चढून जावे लागले. डोंगरातल्या मुलांसाठी पावसाचा धडा म्हणजे होड्या आणि रेनकोट नसतो. जमिनीला नवी भेग पडली, झाडे किंवा खांब कलले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर मोठ्यांना ताबडतोब सांगायचे आणि वाडी सोडायची. हेही जलचक्रच आहे. पाणी जमिनीत मुरते तेव्हा काय होते, त्याचाच हा भाग. तो शिकवला जात नाही, कारण पाठ्यपुस्तकातला पाऊस बंगल्याच्या खिडकीतून पाहिलेला असतो.

वरुणराजा कोण?

आता चित्राच्या पहिल्या अर्ध्या भागाकडे वळू. विज्ञानाचा तो भाग तरी आपण नीट शिकवतो का?

वर्तमानपत्र उघडा. ‘वरुणराजा बरसला’, ‘वरुणराजाची कृपादृष्टी’, ‘वरुणराजा रुसला’. पाऊस लांबला की कुठे पर्जन्ययाग होतो, कुठे बेडकांचे लग्न लागते, आणि त्याच्या बातम्या कौतुकाने छापल्या जातात. सकाळी वर्गात बाष्पीभवन आणि संध्याकाळी घरी वरुणराजा, अशा दोन जगांत आपले मूल वाढते. परीक्षेत बाष्पीभवन लिहायचे आणि मनात वरुणराजा ठेवायचा, हे ते आपोआप शिकते. वैज्ञानिक दृष्टिकोन विकसित करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य असल्याचे संविधानाचे कलम ५१-क सांगते. ते कर्तव्य पहिलीच्या वर्गापासून सुरू होते.

लहान मूल पावसाला माणूस समजते, यात त्याचा दोष नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९२० च्या दशकातच मुलांच्या अशा कल्पना नोंदवून ठेवल्या आहेत. ढग स्वतःच्या मनाने चालतात, नद्या-तळी कुणीतरी माणसाने केली आहेत, असे लहान मुलांना वाटते. ती वयाची पायरी आहे. पुढच्या पायरीवर जाताना त्याचा हात धरायचा असतो. आपल्याकडे उलट होते. मूल ज्या कल्पनेतून बाहेर पडायला निघालेले असते, तिच्यावर मोठी माणसे देवत्वाचा शिक्का मारून ती कायमची करून टाकतात.

हात कसा धरायचा? शब्द पाठ करून घेऊन नव्हे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ‘सांद्रीभवन’ हा शब्द कशाला हवा? त्याला ओले फडके द्या, उन्हात वाळत घालायला सांगा आणि विचारा, पाणी कुठे गेले? ‘संपले’ असे ते म्हणेल. दुसरे फडके सावलीत घाला. कुठले आधी वाळले? का? मग भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचलून आतल्या बाजूचे थेंब दाखवा. एखाद्या झाडाच्या पानांवर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी बांधून दोन तासांनी पाहा, आत पाणी जमलेले असते. म्हणजे पाणी हवेत जाते ते फक्त समुद्रातून जात नाही, झाडांतूनही जाते, आपल्या दोरीवरच्या फडक्यातूनही जाते. तक्त्यावरचे चित्र पाहून मुलांना वाटते की पाणी फक्त समुद्रातून उडते. वस्तीतल्या दोरीवरचे आपले कपडेही ढग बनवायला हातभार लावतात, हे कळल्यावर ते चक्र त्याचे स्वतःचे होते.

हे होते, म्हणून ते होते. हे नसेल, तर ते होणार नाही. तथागतांनी सांगितलेल्या प्रतीत्यसमुत्पादाची ही पहिली पायरी आहे. ऊन आहे म्हणून वाफ आहे, गारवा आहे म्हणून थेंब आहेत. यात कुणाची मर्जी नाही, कृपा नाही, कोप नाही. पावसामागे मर्जी नसते, कारण असते, हे ज्या मुलाला सहाव्या वर्षी कळले, ते सोळाव्या वर्षी आपल्या गरिबीमागेही मागच्या जन्माचे पाप शोधणार नाही. कारण शोधेल. म्हणून हा धडा आपल्या चळवळीचा आहे.

चवदार तळे, चौथीच्या वर्गात

महाड आपल्याच जिल्ह्यात आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्येच मंजूर झाला होता, महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला होता. कागदावर पाणी खुले होते, ओंजळीत नव्हते. सत्याग्रहानंतर स्पृश्यांनी गोमूत्र, शेण, दूध, दही यांचे १०८ घडे ओतून तळे ‘शुद्ध’ केले. पुढे खटला चालला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

हा इतिहास आपण दरवर्षी भाषणातून सांगतो. तो विज्ञानाच्या वर्गातही सांगता येतो, हे मात्र आपण विसरतो. एक प्रयोग करा. एका ताटलीत मिठाचे पाणी आणि दुसरीत मातीचे गढूळ पाणी घेऊन उन्हात ठेवा. दोन-तीन दिवसांनी पाणी उडून गेलेले असेल. मागे काय राहील? मीठ राहील, माती राहील. वर गेले ते फक्त पाणी. समुद्राच्या खारट पाण्यातून गोड पाऊस कसा येतो, हे मुलाला तिथेच कळते.

आता त्याला विचारा. चवदार तळ्यातूनही असेच पाणी वर गेले. त्या पाण्याबरोबर कुणाचा स्पर्श वर गेला का? वाफ हवेत सरासरी आठ-दहा दिवस राहते, मग कुठेतरी पाऊस होऊन पडते. महाडच्या तळ्यातला थेंब पुण्याच्या वाड्यावर पडला असेल, महारवाड्यातल्या रांजणातून उडालेला थेंब देवळाच्या कळसावर पडला असेल. कुणी ओळखून दाखवेल का? आणि शेवटचा प्रश्न विचारा. ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी प्यायची, त्यात माणसाने ओंजळ बुडवली म्हणून ते घाण झाले, की १०८ घडे शेण-गोमूत्र ओतल्यामुळे घाण झाले? चौथीचे मूल या प्रश्नाचे उत्तर एका क्षणात देईल. वेद पढलेल्यांना ते देता आले नव्हते. जातीच्या शुद्धाशुद्धतेचा डोलारा जलचक्राच्या एका प्रयोगात कोसळतो.

‘पाणी वाचवा’ कुणाला सांगता?

शाळेतल्या पावसाच्या धड्याचा शेवट ठरलेला असतो. ‘पाणी वाचवा’ची घोषणा आणि चित्रकला स्पर्धा. दात घासताना नळ बंद ठेवा, शॉवरऐवजी बादली वापरा. ज्या मुलाच्या घरात शॉवर सोडाच, नळही नाही, त्याने हे वाचून काय करायचे? दिवसभरात दोन हंड्यांवर भागवणाऱ्या घरातल्या लेकराला काटकसरीचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा आहे.

सरकारचे स्वतःचे मापदंड पाहा. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण माणसाला रोज ५५ लिटर. शहरी माणसासाठी प्रमाण धरले जाते १३५ लिटर. गावच्या माणसाची तहान शहरी माणसाच्या निम्म्याहूनही कमी असते काय? आणि ते ५५ लिटरही नळातून रोज येतातच असे नाही. पाणी वाचवायला जरूर शिकवा, पण त्याआधी पाणी मोजायला शिकवा. कुणाकडे किती येते, हे मोजल्याशिवाय कुणी किती वाचवायचे हे ठरवता येत नाही.

मोजण्याचे गणित अगदी सोपे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. वर्गाचे छप्पर ३० चौरस मीटरचे धरा. आपल्याकडच्या ३००० मिलिमीटर पावसात त्या एका छपरावर ९०,००० लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे नऊ टँकर! गळती-वाफ वजा केली तरी सात टँकर. आकाशातून फुकट आलेले सात टँकर गटारात जातात आणि मेमध्ये तीच वस्ती टँकरसाठी रांग लावते. हे गणित पाचवीच्या मुलाने फळ्यावर मांडले, की सभेला बसलेल्या नगरसेवकालाही उत्तर द्यावे लागेल.

शेतात पडणारे पाणी बांध घालून जिरवावे, हे महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये १८८३ च्या सुमारास लिहिले. त्याआधी १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. पाणी अडवणे आणि पाणी खुले करणे, ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली. बाबासाहेबांनीही तेच केले. महाडचा सत्याग्रह करणारा नेता १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री होता तेव्हा दामोदर खोरे, हिराकूड यांसारख्या प्रकल्पांच्या पायाभरणीत त्याचा मोठा वाटा होता. आजच्या केंद्रीय जल आयोगाची सुरुवात १९४५ ची, त्यांच्याच कारकिर्दीतली. पाणी त्यांच्यासाठी हक्काचा प्रश्न होता आणि विज्ञान-नियोजनाचाही. आपण एक अर्धे घेतले, दुसरे सोडून दिले.

‘लहान मुलांच्या डोक्यात जात घालू नका’

हा आक्षेप येणार, आणि काही प्रामाणिक शिक्षकही तो घेतील. त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली, सहा वर्षांच्या मुलाला लांब भाषण देऊ नये, भीती घालू नये, हे मान्यच आहे. त्या वयात ओले फडके आणि पातेल्याचे झाकण पुरेसे आहे. पाणी कुठून येते, हा प्रश्न तिसरीत. कुणाला मिळत नाही आणि का, हा प्रश्न चौथी-पाचवीत. वयाप्रमाणे पायऱ्या ठेवता येतात. पण शेवटची पायरीच काढून टाकायची, याला आमचा विरोध आहे.

दुसरी, मुलाच्या डोक्यात जात धडा घालत नाही. ती आधीच घातलेली असते. कुठल्या विहिरीवर जायचे नाही, कुठल्या घरात पाणी मागायचे नाही, हे आपल्या मुलांना अक्षरओळखीच्या आधी कळते. आणि वरच्या जातीच्या मुलालाही कळते की कुणासाठी वेगळा पेला असतो. साताऱ्याच्या शाळेत शिपायाने नळ उघडला तरच भीमाला पाणी मिळायचे, शिपाई नसेल तर नाही. त्या वर्गातल्या इतर मुलांनी रोज काय पाहिले असेल? गप्प राहिलेला शिक्षकही एक धडा शिकवतच असतो. आम्ही फक्त एवढेच म्हणतो, की तो मुका धडा बोलका करा आणि खोडून टाका.

आपण काय करायचे?

शासनाने पाठ्यपुस्तक बदलावे, ही मागणी आपण करूच. पण तोवर थांबायचे कशाला? वस्तीत विहार आहे, अभ्यासिका आहे, शिकलेली तरुण पोरे-पोरी आहेत. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जे उडते, त्याच्या शंभराव्या हिश्श्यात पावसाळाभराचा वर्ग चालेल. जून-जुलैचे चार रविवार काढा.

पहिल्या रविवारी ओले फडके, झाकण आणि झाडाला बांधलेली पिशवी. दुसऱ्या रविवारी पर्जन्यमापक. सरळ अंगाची रिकामी बाटली वरून कापा, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा तोंडावर बसवा. तळ उंचसखल असतो, म्हणून आधी थोडे पाणी घालून तिथे शून्याची खूण करा आणि वर पट्टीने मिलिमीटरच्या खुणा. उघड्यावर, झाडापासून दूर ठेवा. रोज सकाळी एकाच वेळी एका मुलाने नोंद करायची आणि आकडा विहाराच्या फळ्यावर लिहायचा. तिसऱ्या रविवारी मिठाच्या पाण्याची ताटली आणि चवदार तळ्याची गोष्ट. चौथ्या रविवारी ‘आपल्या नळाचा नकाशा’. कुठले धरण, कुठले केंद्र, कुठली टाकी, आपल्या गल्लीत पाणी किती वाजता आणि किती वेळ, शेजारच्या सोसायटीत किती वेळ. नकाशा मुलांनी काढायचा. त्यातल्या रिकाम्या जागा मोठ्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज करून भरायच्या. २००५ चा कायदा त्यासाठीच आहे.

विहारात हा वर्ग घेताना कुणी विचारले, पाण्याचा धम्माशी काय संबंध, तर त्यांना ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ उघडायला सांगा. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून गृहत्याग केला, ही कथा बाबासाहेबांना पटली नाही. त्यांनी कारण दिले ते रोहिणी नदीच्या पाण्याचे. शाक्य आणि कोलिय यांच्यात त्या पाण्यावरून भांडण पेटले, सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि त्यापायी घर सोडले. आपल्या मार्गदात्याची वाट पाणी-वाटपाच्या प्रश्नातून सुरू झाली, असे ज्या ग्रंथात लिहिले आहे, त्या ग्रंथाच्या अनुयायांच्या मुलांना आपल्या नळाचे पाणी कुठून येते हे माहीत नसावे?

मित्रहो, यंदाचा पाऊस येईल, पडेल, वाहून जाईल. आपल्या वस्तीतली दहा मुले तरी या पावसाळ्यात बाटलीवर खुणा करून मोजायला शिकली पाहिजेत. ज्याला पाऊस मोजता येतो, त्याला नळाचे पाणीही मोजता येते. आणि ज्याने दोन्ही मोजले, त्याला ‘तुमच्या नशिबातच पाणी नाही’ असे सांगून कुणी गप्प बसवू शकत नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!